नाव, गाव, धंदा : रोगजंतूंच्या खातेवहीची हकीकत



कार्ल्याच्या डोंगरावर आपण सर्वजण केव्हा ना केव्हा गेलेले आहात. बहुतेकजण एकवीरा आईच्या दर्शनाला गेले असतील आणि जाता जाता शेजारच्या लेण्यात डोकावले असतील. त्या चैत्यगृहात खांबाखांबांवर जी अक्षरे कोरली आहेत ती मात्र थोड्यांनीच निरखली असतील. वयाच्या तिशीपर्यंत आम्हीही निरखली नव्हती. पुढे एका अभ्यासू स्नेह्याने ती वाचून दाखविली तेव्हा आम्हाला मोठी गंमत वाटली. आमच्या युनियनच्या पावतीपुस्तकात जे असते तेच तेथे होते : नाव, गाव, धंदा आणि दिले काय. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हा त्यातला बडा असामी. हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम, असे त्याने कोरून ठेवले आहे. पण त्याच लेण्यात धेनुकाकट गावचा सामी नावाचा सुतार आहे. त्याने दरवाजा घडविला. त्याच गावचा सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, काही यवन आहेत आणि सोपाऱ्याचा एक भिक्षू आहे. दोन हजार वर्षे झाली, आणि सुताराचे नाव सावकाराच्या नावाइतकेच स्वच्छ वाचता येते.

आजचा आमचा विषय रोगजंतूंच्या जीनोमची माहितीभांडारे हा आहे. मग कार्ल्याचे लेणे मध्येच कशाला, असे आपणांस वाटेल. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. दहावीला आमची गाडी अडली आणि पुढचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात झाले. तीस वर्षे आम्ही कामगारांचे मस्टर, पगारपत्रके आणि कज्जे हाताळीत आलो. त्यामुळे कोणतीही खातेवही समोर आली की आम्ही प्रथम दोन गोष्टी पाहतो. रकाने पुरे भरले आहेत काय, आणि ती वही पाहण्याचा अधिकार कोणाला आहे. जंतूंच्या खातेवहीचा इतिहास आम्ही याच नजरेने वाचला. तो जसा दिसला तसा सांगतो.

प्रथम जीनोम म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. प्रत्येक जीवाच्या पेशीत त्याची घडण सांगणारी एक लांबलचक पोथी असते, आणि ती अवघ्या चार अक्षरांत लिहिलेली असते. क्षयाच्या जंतूची पोथी सुमारे ४४ लाख अक्षरांची आहे, प्लेगच्या जंतूची साडेशेहेचाळीस लाखांची. जंतू एकाचा दोन होतो तेव्हा पोथीची नक्कल होते, आणि नक्कल करताना एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या सर्व नकलांत उतरते. दोन रुग्णांच्या जंतूंत एकच चूक सापडली तर त्या दोन्ही नकलांचा मूळ पाठ कुठेतरी एक होता, असे अनुमान निघते.

ही युक्ती पुणेकरांना नवी नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भर्तृहरीची शतके संपादिली, ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. त्यासाठी त्यांनी तीनशेंवर हस्तलिखिते ताडून पाहिली आणि पाठभेदांवरून त्यांची घराणी लावली. हेच कोसंबी गणिती. १९४४ साली त्यांनी जनुकांमधील अंतर मोजण्याचे जे सूत्र दिले, ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. आणि हेच कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जात-येत असत. मळवलीवरून गाडी जाताना दिसणाऱ्या या डोंगरातील लेखांवर, धेनुकाकट नेमके कोठे यावर, त्यांनी पुष्कळ पायपीट केली. पोथी, शिलालेख आणि जनुक ही तिन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होती! धेनुकाकटाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. गावाचे नाव कोरलेले असूनही ही स्थिती. ते कोरलेलेच नसते तर वादालाही जागा उरली नसती.

आता प्लेगकडे वळू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मुंबईतून लोक पळू लागले आणि पळणाऱ्यांची वाट बोरघाटातूनच होती. थोड्याच महिन्यांत पुणे प्लेगने ग्रासले. जंतू कोणता हे तेव्हा ठाऊक होते. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिनने तो दाखविला होता. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी मुंबईत आपली लस स्वतःला टोचून घेतली. उंदरावरची पिसू हा जंतू पसरविते हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली दाखविले. त्या एका वर्षात आपण कोण कोण गमावले! नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांच्यापासून या देशातल्या कामगार चळवळीची गणना होते, ते फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगने गेले. १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, त्याही रुग्णांची सेवा करता करता.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. रुग्णाची नोंद झाली की घर उपसले जाई, सामान जाळले जाई, माणसे छावणीत जात. लोकांनी रुग्ण लपविले, मृत्यू लपविले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या काळात नोंदवही या वस्तूविषयीच लोकांच्या मनात जी दहशत बसली, ती शाळेत शिकवीत नाहीत. जी वही आपल्याला फक्त पकडण्यासाठी उघडली जाते तिच्यात शहाणा माणूस आपले नाव कशाला घालील? कारखान्यात आम्ही हे रोज पाहतो. पहिल्या अपघाताची नोंद करणाऱ्याला मेमो मिळाला, की दुसरा अपघात कागदावर येत नाही.

प्लेगच्या जंतूची संपूर्ण पोथी २००१ साली इंग्लंडमधील सँगर संस्थेत वाचून पुरी झाली. तो जंतू १९९२ साली अमेरिकेतील कोलोरॅडोत एका पशुवैद्याचा बळी घेणारा. मांजरापासून त्याला प्लेग झाला होता. या पशुवैद्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. १८९४ साली हाँगकाँगहून जहाजांतून निघालेल्या साथीची एक शाखा मुंबईला उतरली आणि दुसरी पॅसिफिक ओलांडून १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोस पोचली. कोलोरॅडोचा जंतू त्या दुसऱ्या शाखेचा वंशज. म्हणजे पुणे उजाड करणाऱ्याचा चुलतभाऊच. प्लेग ही काही केवळ आजोबांच्या काळची गोष्ट नव्हे. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत साथ उठली, तेव्हा हा प्लेग आहे की नाही यावरच वाद माजला. जंतूंच्या डीएनएचे तुकडे वाचून, तो प्लेगच होता असे २००० साली हैदराबादच्या संशोधकांनी दाखविले.

याहून नवलाची कथा २०२२ सालची आहे. आजच्या किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळ चौदाव्या शतकातली एक ख्रिस्ती दफनभूमी आहे. तिच्यातल्या शंभराहून अधिक दगडांवर १३३८ आणि १३३९ ही दोनच वर्षे कोरलेली, आणि काहींवर मृत्यूचे कारणही लिहिलेले : महामारी. एकोणिसाव्या शतकात तेथे उत्खनन झाले आणि सांगाडे रशियात नेऊन ठेवले गेले. संशोधकांनी त्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूची पोथी वाचली. पुढे दहा वर्षांत ज्या साथीने निम्मा युरोप मारला, तिच्या जंतूचा हा पूर्वज निघाला. दातातल्या जंतूने घराणे सांगितले; वर्ष आणि ठिकाण सांगितले ते एका अनामिक पाथरवटाने. त्याने आपला रकाना भरला नसता तर इतक्या थोर यंत्रांनाही ही साखळी इतकी नेमकी जुळविता आली नसती.

ही सगळी तुलना शक्य झाली ती सामायिक खातेवही होती म्हणून. ती कशी उभी राहिली? आरंभ एका बाईंनी केला. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ साली अमेरिकेत, तोवर वाचल्या गेलेल्या प्रथिनांच्या रचना गोळा करून पुस्तक छापले. त्यात ६५ नोंदी होत्या. जगभरच्या नियतकालिकांतून अक्षरे वेचायची, चुका काढायच्या, सूची लावायची, असे हे काम. पुष्कळ शास्त्रज्ञांनी त्याला कारकुनी ठरविले आणि त्याला पैसा मिळविताना बाईंना फार झगडावे लागले. कारकुनी कामाविषयीचा हा तुच्छभाव आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. कारखाना टाइमकीपरवाचून एक दिवस चालत नाही, पण त्याला कोणी कारागीर म्हणत नाही. डेहॉफ यांची एक बाजू मात्र लंगडी होती. खर्च भागविण्यासाठी त्यांचा संग्रह विकला जाई आणि तो इतरांनी पुढे वाटण्यावर बंधने होती. ज्यांनी नोंदी दिल्या तेच कुरकुरू लागले. १९८२ साली अमेरिकन सरकारने जेनबँक ही सार्वजनिक वही काढली, तिचे काम त्यांना न मिळता लॉस अलामोस येथील वॉल्टर गोड यांच्या मंडळींकडे गेले. त्यांचा भर वही सर्वांना खुली ठेवण्यावर होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात जेनबँकेत ६०६ नोंदी होत्या, एकूण अक्षरे ६,८०,३३८. म्हणजे प्लेगच्या एका जंतूच्या सहाव्या हिश्श्याइतकीही नाहीत! युरोप आणि जपान यांनीही त्याच दशकात आपापल्या वह्या काढल्या. या तिन्ही वह्या रोजच्या रोज एकमेकींशी ताडून घेतल्या जातात, त्यामुळे एकीत केलेली नोंद तिन्हींत दिसते.

पुढचे टप्पे भराभर सांगतो. १९७७ साली जंतूंना खाणाऱ्या एका विषाणूची ५,३८६ अक्षरे सँगर यांनी वाचली होती. १९९५ साली प्रथमच एका स्वतंत्र जगणाऱ्या जंतूची संपूर्ण पोथी वाचली गेली, १८ लाख अक्षरांची. १९९६ साली बर्म्युडा बेटावर मानवी जीनोम वाचणाऱ्यांची बैठक झाली, आणि वाचलेली अक्षरे शक्यतो चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुली करावीत असे ठरले. १९९८ साली क्षयाच्या जंतूची पोथी आली, २००१ साली महारोगाच्या जंतूची. ही शेवटची आम्ही विसरू शकत नाही. तो जंतू तमिळनाडूतल्या एका रुग्णाचा. प्रयोगशाळेतल्या बशीत तो वाढत नाही म्हणून आर्माडिलो नावाच्या प्राण्यात वाढवावा लागला. वहीत त्याचे नाव टी. एन. असे आहे. ती तमिळनाडूची आद्याक्षरे. त्या रुग्णाचे एवढेच राहिले. त्याचे नाव छापू नये हे रास्तच आहे. पण त्याच्या वाट्याला काय आले, हे विचारणे रास्त नाही काय?

पुणे या कामात मागे नव्हते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून उद्योगोपयोगी सूक्ष्मजंतूंचा संग्रह आहे. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले, तीच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. १९८७ साली पुणे विद्यापीठात प्रा. अशोक कोळस्कर यांच्या पुढाकाराने जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. तेथे प्राण्यांच्या विषाणूंची माहितीसूची तयार झाली, आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिरजेन ही विषाणूंच्या जीनोमची सूची रचून २००४ साली प्रसिद्ध केली. २००९ साली निघालेला सूक्ष्मजंतूंचा राष्ट्रीय संग्रहही पुण्यातच आहे. कागदावरची अक्षरे पुन्हा तपासायची तर जिवंत जंतू कुपीत राखलेला असावा लागतो, म्हणून वही आणि कोठी दोन्ही हव्यात. सगळेच जंतू काही वैरी नव्हेत. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले तेव्हा लोक घाबरले. पुण्याच्याच आघारकर संस्थेने ते मीठप्रिय सूक्ष्मजीवांचे रंगकाम असल्याचे सांगितले. असो.

आता आमच्या घरची गोष्ट. मावळातल्या एका फाउंड्रीत आमचा एक सभासद ओतीव मालावर ग्राइंडिंग करीत असे. सन २००८ च्या सुमारास त्याला क्षय झाला. नेहमीच्या गोळ्या चालू झाल्या, सहा महिने गेले, ताप हटेना. मग थुंकी वाढवून तपासायला पाठविली. जंतूवर कोणते औषध चालत नाही हे कळायला आणखी दोन महिने लागले. तोवर घरात त्याच्या धाकट्या बहिणीला लागण झाली. तो वाचला, पण पुन्हा ग्राइंडरवर उभा राहिला नाही. कारखान्याने त्याचे नाव मस्टरवरून काढले. भरपाईसाठी आम्ही कागद गोळा करू लागलो, तेव्हा रुग्णालयाच्या फॉर्मवर धंदा या रकान्यात एकच शब्द सापडला : इतर. वाळूच्या धुळीने फुफ्फुस खराब झाले की क्षय फार लवकर धरतो, हे वैद्यकात कधीच सिद्ध झालेले आहे. पण ‘इतर’ या धंद्याला धूळ नसते. आमचा दावा तेथेच लुळा पडला.

ते दोन महिने आज वाचू शकतात. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूच्या पोथीत ठराविक जागी ठराविक अक्षरे बदललेली असतात. अशा बदलांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केली. चाळीसएक देशांतल्या अडतीस हजारांवर रुग्णांचे जंतू वाचून आणि औषधांवर तपासून ती झाली. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही संख्या बावन्न हजारांवर गेली. आता नवा जंतू वाचला की यादीशी ताडायचा आणि औषध ठरवायचे, हे काही दिवसांचे काम आहे. हजारो अनोळखी आजाऱ्यांनी आपली थुंकी दिली म्हणून हे साधले. हे पाहून आम्हाला तळेगावचा पैसा फंड आठवतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागितला, लोकमान्यांनी पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. पैसा एकट्याचा असता तर त्याची काचेची गोटीही आली नसती.

परंतु वर्गणी गोळा झाली की हिशेबाचा प्रश्न येतो. २००७ साली इंडोनेशियाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी बर्ड फ्लूचे नमुने जगाला देणे थांबविले. विषाणू आमच्या माणसांच्या शरीरातून न्यायचा, त्यावर परदेशी कंपनीने लस करायची आणि ती आमच्याच माणसांना परवडायची नाही, हा त्यांचा सवाल. पुष्कळांनी त्यांना दोष दिला. आम्हाला तो सरळसरळ संप वाटतो. संपाने त्रास होतो हे खरे, पण संपावाचून टेबलावर कोणी बोलावीत नाही हेही खरे. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने करार घडविला आणि नमुन्यांचा लाभ घेणाऱ्या कंपन्यांवर वार्षिक वाटा बसविला. त्याच वादात २००८ साली जिसेड ही निराळी वही चालू झाली. तिच्यात नोंद पाहायची तर देणाऱ्याचे श्रेय मान्य करण्याची अट असते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण बंद वहीने माणसे मरतात. ११ जानेवारी २०२० रोजी चीनमधील झांग योंगझेन यांनी कोरोना विषाणूची पोथी, सुमारे तीस हजार अक्षरे, एका ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यामार्फत जगासमोर ठेवली. दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा ‘सुधारणेसाठी’ बंद करण्यात आली. पण अक्षरे बाहेर पडली होती. तपासण्या आणि लसी त्यांवरच बेतल्या गेल्या. आपल्याकडचे पहिले विषाणू पुण्याच्या संस्थेने वाचले. १८९७ चाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, हा योग पाहा. २०२१ च्या आरंभी महाराष्ट्रातल्या, विशेषतः विदर्भातल्या नमुन्यांत विषाणूचे एक नवे घराणे ठळक दिसू लागले. मार्चमध्ये सरकारने ते जाहीर केले, आणि मे अखेरीस त्यातल्या एका शाखेला डेल्टा हे नाव मिळाले. तोवर आपल्या स्मशानांत रांगा लागल्या होत्या. म्हणजे वहीत दिसणे आणि वही पाहून हालचाल करणे यांत अंतर असते, आणि ते अंतर यंत्राने भरून निघत नाही.

भारताची स्वतःची जैविक माहितीची वही फरीदाबादला २०२२ साली सुरू झाली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅली निधी नावाचा आंतरराष्ट्रीय फंड निघाला. जीवांच्या या अक्षरांवर धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का, अथवा उत्पन्नाचा एक दशांश टक्का त्यात भरावा, आणि त्यातला निदान निम्मा भाग मूळ रहिवासी व स्थानिक लोकसमूहांकडे जावा, अशी योजना आहे. मात्र भरणे ऐच्छिक ठेवले आहे. ऐच्छिक बोनस आजवर कोणत्या मालकाने किती दिला याचा हिशेब आमच्या कचेरीत आहे; ज्यांना पाहायचा असेल त्यांनी अवश्य यावे.

त्या ग्राइंडरवाल्या सोबत्यानंतर आमच्या युनियनने एक साधे कार्ड छापून घेतले. आरोग्य तपासणीच्या शिबिरात ते प्रत्येकाने भरायचे : गाव, धंदा, धुळीत किती वर्षे, घरात कोणाला खोकला आहे काय. एक प्रत कामगाराजवळ राहते, एक आमच्याकडे, आणि मालकाला ती दाखविली जात नाही. पहिल्या वर्षी धंदा या रकान्यात निम्म्याहून अधिक जणांनी ‘नोकरी’ एवढेच लिहिले. दुसऱ्या वर्षापासून आम्ही स्वतःच टेबलाशी बसू लागलो. माणूस समोर आला की विचारतो, काय करतोस? तो म्हणतो, कंपनीत आहे. आम्ही पुन्हा विचारतो, हाताने काय करतोस? मग तो सांगतो, आणि आम्ही लिहून घेतो.